जुनं स्टायलोग्राफिक पेन: तार न मोडता उघडायचं आणि साफ करायचं कसं

जुन्या स्टायलोचं वाटोळं बहुतेक वेळा एकाच क्रमाने होतं. पार्सल येतं. पेन कोमट पाण्याच्या ग्लासात उभं केलं जातं, तासाभराने टोक बोटावर दाबून बघितलं जातं, ते हललं नाही की पक्कड बाहेर निघते. संध्याकाळपर्यंत आतली तार वाकलेली असते, पुढच्या भागाला तडा गेलेला असतो आणि काळं बॅरल शेवाळी-तपकिरी झालेलं असतं. यांतलं बहुतेक नंतर दुरुस्त होत नाही, आणि सुटे भागही मिळत नाहीत. म्हणून खालचा क्रम पाळा. एखादी पायरी निरर्थक वाटली तरी गाळू नका.

हा लेख साधारण १८८० ते १९३० या काळातल्या पेनांसाठी आहे: एबोनाइटची (गंधक घालून कडक केलेल्या रबराची), ड्रॉपरने शाई भरायची, किंवा नंतरची लिव्हरची (बाजूची छोटी दांडी उचलून शाई ओढायची).

आत काय असतं

स्टायलोला निब नसते. पुढे धातूची बारीक नळी असते आणि नळीत केसासारखी तार. तारेचं टोक नळीच्या तोंडाबाहेर किंचित डोकावतं. कागदावर टेकलं की तार मागे सरकते आणि तिच्या भोवतीने शाई उतरते. उचललं की तार पुन्हा पुढे येते आणि तोंड बंद होतं. तार पुढे ढकलायला काही पेनांत नाजूक स्प्रिंग असते, तर काहींत छोटं वजन. शाई खाली जायची तर वरून हवा आत यायला हवी, म्हणून बॅरलच्या बाजूला किंवा शेपटाकडे हवेचं भोक असतं. काही पेनांत ते शेपटाचा स्क्रू फिरवून उघडतं-मिटतं.

तारेची एक बाजू मोकळी आणि दुसरी मागच्या भागाला जोडलेली असते. म्हणून ती फक्त मागूनच निघते. पुढून ढकलली तर वाकते.

१. घेण्याआधीची तपासणी

विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: टोकाचा अगदी जवळून, टोपणाच्या काठाचा, बॅरलवर उमटवलेल्या नावाच्या ठशाचा तिरप्या उजेडात, आणि शेपटाचा. टोकाच्या फोटोत नळीच्या मधोमध ठिपका दिसला तर तार जागेवर असण्याची शक्यता आहे. काळी पोकळी दिसली तर तार तुटलेली आहे, किंवा आत ओढली जाऊन वाळलेल्या शाईत अडकली आहे. दोन्ही शक्यतांसाठी किंमत सारखीच, म्हणजे कमी, धरा.

टोपणाचा काठ आणि बॅरलचे आटे या दोन जागी तडे हमखास असतात. केसाएवढी रेघ फोटोत दिसत नाही, त्यामुळे «तडा नाही» असं लेखी घ्या.

ठशावर «पेटंट» शब्दानंतर तारखा असतात. नवे संग्राहक पहिली तारीख वाचून पेनाचं वय ठरवतात. तारखा अनेक असतील तर सगळ्यांत शेवटची बघायची, आणि तीसुद्धा फक्त «याच्या आधीचं नाही» एवढंच सांगते. स्टायलोचे सुरुवातीचे निर्माते मॅकिनन आणि ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सचे क्रॉस यांची पेटंटं १८७०च्या दशकातली आहेत, पण त्या तारखा ठशावर पुढेही छापल्या जात राहिल्या.

नावांचेही सापळे आहेत. ब्रिटनमध्ये स्टायलो «इंक पेन्सिल» या नावाने विकले जात, त्यामुळे यादीत फक्त «स्टायलो» शोधणाऱ्याला निम्मा माल दिसतच नाही. उलट डी ला रू कंपनीचा «अँटी-स्टायलोग्राफ» नावात स्टायलो असूनही निबवाला आहे. आणि चोरबाजारातल्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातल्या डब्यात नळीचं टोक असलेलं पेन दिसलं, तर ते बहुधा आर्किटेक्टच्या ऑफिसातलं रोटरिंगचं रॅपिडोग्राफ असतं. तो प्रकार १९५३चा. तत्त्व तेच, पण प्लास्टिकचं आणि ड्रॉइंगच्या रंगद्रव्याच्या शाईने भरलेलं. त्याला हा लेख जसाच्या तसा लावू नका. विशेषतः ०.२ मि.मी. किंवा त्याहून बारीक टोकातली तार काढायच्या फंदात पडू नका.

२. टेबल मांडणं

पेन हातात घ्यायच्या आधी हे सगळं समोर असू द्या:

– दहा पट मोठं दाखवणारं भिंग
– काठ उभे असलेला ट्रे आणि त्यात पांढरं सुती कापड (स्प्रिंग उडते, फरशीवर गेली की गेली)
– सायकलच्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा, पकडीसाठी
– हेअर ड्रायर
– छोटा काचेचा ग्लास आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा
– डिस्टिल्ड पाणी, सुई काढलेली ५ मि.लि.ची सिरिंज आणि तिला घट्ट बसणारी रबरी नळी
– घरगुती अमोनिया
– शुद्ध सिलिकॉन ग्रीस
– लिव्हरच्या पेनासाठी नवी सॅक (शाई साठवणारी रबरी पिशवी), शेलॅक (लाखेचं चिकटवण्याचं द्रावण) आणि टाल्कम

टेबलावर काय नसावं, हेही महत्त्वाचं: पक्कड, ब्रासो, पॉलिश पेपर, स्पिरिट आणि मेणबत्ती.

३. कोरडी पाहणी

आधी फोटो, नंतर मोजमाप, मग बाकी सगळं. टोपणासकट आणि टोपणाशिवाय लांबी लिहा. ठसा आत्ताच वाचून घ्या, कारण हाताळताना तो फिका होतो.

पेन कशाचं आहे ते ओळखा. कोरड्या अंगठ्याने बॅरलची एक जागा दहा-पंधरा सेकंद जोरात घासून लगेच वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. कापराचा आला तर सेल्युलॉइड. कसलाच वास नाही आणि पेन रंगीत आहे, तर केसिन (दुधातल्या प्रथिनापासून बनवलेलं प्लास्टिक) असू शकतं, आणि केसिन पाण्यात फुगतं. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा. सेल्युलॉइड पेट घेतं.

⚠ लिव्हर असेल तर ती अजिबात उचलू नका. आतली जुनी सॅक वाळून कडक झालेली असते. लिव्हर तिच्यावर दाबली की लिव्हरची पिन तुटते किंवा बॅरल फुटतं.

⚠ टोक नखावर दाबून «स्प्रिंग चालते का» हे आत्ता बघायचं नाही. वाळलेल्या शाईत रुतलेली तार मागे सरकत नाही, ती वाकते.

४. शाई भिजवणं: पाणी फक्त टोकाला

सगळ्यांत जास्त चुका या पायरीत होतात. एबोनाइट म्हणजे रबर आणि भरपूर गंधक. वर्षानुवर्षं उजेड आणि दमट हवा लागून त्याच्या पृष्ठभागावर गंधकाची संयुगं, अगदी आम्लसुद्धा, तयार झालेलं असतं. वरून काळं दिसणारं पेन पाण्यातून काढलं की तपकिरी का निघतं, त्याचं कारण हे. पाणी कोमट असेल तर रंग आणखी लवकर जातो. एकदा गेलेला काळा रंग पुसून परत येत नाही.

म्हणून पेन बुडवायचं नाही, टांगायचं.

पुठ्ठ्याला पेनाच्या पुढच्या भागाएवढं भोक पाडा, त्यात पेन टोक खाली करून घट्ट बसवा आणि पुठ्ठा ग्लासवर आडवा ठेवा. टोक ग्लासच्या तळापासून सेंटिमीटरभर वर राहिलं पाहिजे. पेन ग्लासात नुसतं उभं केलं, तर त्याचं सगळं वजन तारेच्या टोकावर येतं. आता साध्या तापमानाचं डिस्टिल्ड पाणी ड्रॉपरने ओता आणि धातूची नळी तेवढी बुडाली की थांबा. एबोनाइटचा काठ पाण्याच्या वर हवा. काठावर आधी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की पाणी वर चढत नाही.

पहिल्या तासात बहुधा काहीच होत नाही. मग टोकातून जांभळी किंवा निळी रेघ सुटते, सरळ खाली उतरते आणि तळाशी पसरते. ती दिसली की नळी निदान अंशतः मोकळी झाली असं समजा. पाणी रंगलं की बदला. असं १२ ते २४ तास. दर तीन-चार तासांनी पेन उचलून एबोनाइट कोरडं पुसा.

चोवीस तासांनीही पाणी स्वच्छच असेल, तर ९ भाग पाण्यात १ भाग घरगुती अमोनिया आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण करून टोक त्यात १० मिनिटं ठेवा आणि नंतर साध्या पाण्यात. अमोनिया पितळ आणि तांबं खातो, म्हणून दहा मिनिटं म्हणजे दहाच. ब्लीचसोबत तो कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

✓ पुढे जाण्याआधी: पाणी रंगायचं थांबलं आहे का? नसेल तर पुन्हा टांगा. इथे दोन दिवस गेले तरी चालतील.

५. उघडणं

आधी पुढचा भाग कसा बसवला आहे ते ठरवा. ड्रॉपरच्या पेनात तो आट्यांवर असतो. लिव्हरच्या पेनात बहुधा नुसता दाबून शेलॅकने चिकटवलेला असतो. आटे समजून पीळ दिला की याच जोडावर बॅरल उभं चिरतं. भिंगातून जोडाची रेघ बघा. पेनाच्या प्रकाराविषयी शंका असेल तर तो दाबून बसवलेला आहे असं धरून चाला: हलकेच डावी-उजवीकडे डोलवत सरळ बाहेर ओढायचं.

पाणी लागलेला भाग पूर्ण वाळू द्या. मग हेअर ड्रायर वीसेक सेंटिमीटरवरून, पेन सतत फिरवत, २० ते ३० सेकंद. जोड गालाला लावून बघा. चटका बसतो पण सहन होतो, एवढीच ऊब हवी. त्याहून जास्त गरम झालं की एबोनाइट मऊ होऊन वाकतं आणि वर कोरलेली नक्षी सपाट होऊ लागते.

ट्यूबच्या तुकड्याने दोन्ही बाजू धरा. बॅरलवरचा हात जोडाला अगदी लागून हवा. शेपटाकडे धरलं तर पीळ सगळ्या बॅरलला बसतो. आटे असतील तर पहिली हालचाल उलटी, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने नावापुरती, आणि मग सैल करायच्या दिशेने. शाईचा जुना थर त्याने सुटतो. हललं नाही तर पुन्हा ऊब. आठ-दहा फेऱ्या लागणं नेहमीचं आहे. जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या.

६. तार बाहेर काढणं

नळीचा धातूचा भाग अनेक पेनांत वेगळा फिरवून निघतो. तो सैल झाला की पेन टोक वर करून धरा. मग नळी अगदी सरळ वर उचला, म्हणजे तार मागच्या भागातच उभी राहते. तिरकं उचललं की नळीची कड तारेला कापते. बाकीच्या पेनांत पुढचा भाग उघडल्यावर तार, स्प्रिंग किंवा वजन मागून दिसतं. तिथे तार जोडलेल्या बुडाला धरून सरळ मागे ओढायचं. फिरवायचं नाही.

अडलं की थांबा आणि चौथ्या पायरीवर परत जा. भिजलेली तार केसासारखी सरकते. जी सरकत नाही ती भिजलेली नाही.

प्रत्येक सुटा भाग निघेल त्या क्रमाने कापडावर मांडा आणि फोटो काढा. स्प्रिंगची कुठली बाजू वर होती हे नंतर आठवत नाही.

तार वाकलेली दिसली तर भिंगाखाली बघून ठरवा. लांब, मंद बाक असेल तर काचेच्या पट्टीवर ठेवून लाकडी काडीने हलकेच लाटता येतो. एकाच जागी कोन पडला असेल तर हात लावू नका. सरळ करताना तिथेच तुटते. कोन पडलेल्या तारेचं पेन लिहिणार नाही, पण संग्रहात पूर्ण भागांचं म्हणून राहील. तुटलेल्या तारेचं पेन दोन्हीतून जातं.

७. सफाई

नळी मागून पुढे धुवायची. सिरिंजची रबरी नळी मागच्या तोंडाला लावा आणि पाणी हळू दाबा. धार सरळ, एका रेषेत आली पाहिजे. ती तिरकी उडत असेल तर तोंडाशी एका बाजूला शाईचा खडा आहे. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर फक्त धातूची नळी, एका वेळी २०-३० सेकंद, आणि मध्ये भिंगातून पाहणी. नळीच्या तोंडाशी बसवलेली कठीण धातूची कड सैल वाटत असेल तर मशीन नको.

⚠ नळीत गिटारची तार, टाचणी, सुई यांपैकी काहीही घालायचं नाही. तोंड शंभर मायक्रॉनने जरी मोठं झालं तरी शाई कायमची गळते. नळीत जाणारी एकच गोष्ट म्हणजे तिची स्वतःची तार, तीही धुवून झाल्यावर.

हवेचं भोक विसरलं जातं. ते बुजलेलं असेल तर पेन दोन शब्द लिहून बंद पडतं आणि दोष उगीच तारेला दिला जातो. लाकडी टूथपिकच्या ओल्या टोकाने ते मोकळं करा. शेपटाचा स्क्रू फिरत नसेल तर त्यालाही तीच कोरडी ऊब.

बॅरल आतून ओल्या कापसाच्या काडीने पुसा आणि लगेच कोरड्या काडीने. बाहेरून फक्त कोरडं मऊ कापड. तपकिरी पेन काळं करणारी द्रावणं वापरू नका. पेन विकत घेताना अनुभवी माणूस ते रंगवलेलं आहे का हेच आधी बघतो. पॉलिश पेपरने तपकिरी रंग खरंच निघतो, पण सोबत ठसा आणि नक्षीही निघते.

८. सॅक बदलणं (फक्त लिव्हरची पेनं)

जुनी सॅक तुकड्यातुकड्यांनी चिमट्याने काढा आणि बॅरल उपडं करून ठोका. आत तुकडा राहिला तर नवी सॅक पूर्ण दबत नाही. आता लिव्हर हळू उचलून आतली दाबपट्टी चालते का बघा.

सॅकचा नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग: १६ नंबर म्हणजे १६/६४ इंच, सुमारे ६.३५ मि.मी. व्यास. ती पेनाच्या पुढच्या भागाच्या मागच्या तोटीवर थोडी ताणून बसावी, पण बॅरलच्या भिंतीला घासू नये. लांबी अशी कापा की बॅरलच्या तळापासून ३-४ मि.मी. अंतर राहील. तोटीवर शेलॅकचा पातळ थर, सॅक चढवा, रात्रभर वाळू द्या. मग वरून टाल्कम चोळा आणि बसवा. सुपरग्लू नको. पुढच्या माणसाला पेन उघडता आलं पाहिजे.

९. जोडणी आणि पाण्याची चाचणी

तार मागून नळीत सोडताना नळी उजेडाकडे धरा आणि तार स्वतःच्या वजनाने जाऊ द्या. काढलेल्या फोटोंच्या उलट क्रमाने भाग जोडा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याच्या चौथाईएवढं. जास्त झालं तर ते शाईत उतरून नळी बुजवतं. हाताला थांबल्याची जाणीव झाली की पीळ बंद.

✓ भिंगातून: तारेचं टोक नळीच्या तोंडाबाहेर किंचित दिसतंय का? अजिबात नाही, तर पेन लिहिणार नाही. काडीसारखं बाहेर आलं असेल, तर कुठला तरी भाग नीट बसलेला नाही; उघडून पुन्हा बसवा.

✓ आता, पहिल्यांदाच, टोक काचेवर उभं टेकवून बघा. तार मागे जाऊन आपोआप पुढे यायला हवी. वजनाच्या प्रकारात पेन कानाशी हलवलं की बारीक टिक ऐकू येते.

मग साधं पाणी भरा आणि पेन टोक खाली करून तासभर टांगा. टोकाला टपोरा थेंब जमला तर तार तोंड नीट बंद करत नाही. जोडाशी ओल दिसली तर आट्यांचं ग्रीस कमी पडलं. पाण्याने गळणारं पेन शाईनेही गळणार, फक्त शर्ट जास्त खराब होईल.

१०. शाई भरणं आणि लिहून बघणं

शाई साधी, पातळ, धुतली जाणारी फाउंटन पेनची. ड्रॉइंगची इंडियन इंक, चमकी असलेली शाई, कायम टिकणारी लोहयुक्त शाई यांतली कुठलीही नको.

ड्रॉपरचं पेन «चाचणीपुरतं अर्धंच» भरायची सवय चुकीची आहे. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि टोकातून शाईचा डाग ढकलते. आट्यांच्या खाली २-३ मि.मी. सोडून पूर्ण भरा, आणि पाव भाग उरला की पुन्हा भरा.

हवेचं भोक उघडा आणि पेन जवळजवळ उभं धरा. हे सांगूनही हात सवयीने तिरका होतो. तिरक्या धरलेल्या स्टायलोत तार दाबलीच जात नाही, नळीची कड कागद खरवडते, आणि लिहिणारा जोर वाढवतो. जोर हातात नको, कोनात बदल हवा. कागद गुळगुळीत घ्या. खरबरीत कागदाचा तंतू नळीत शिरतो. देवनागरी लिहिताना शिरोरेषा शेवटी एका दमात ओढून बघा. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आली तर शाई आणि हवा दोन्ही नीट वाहताहेत. मध्येच बारीक होत गेली तर आधी हवेचं भोक तपासा.

चाचणीची शाई आठवड्याहून जास्त ठेवू नका. रिकामं करून पाण्याने दोन-तीनदा भरा-सोडा आणि मोकळं वाळवा.

११. ठेवणं आणि नोंद

स्टायलो रिकामा आणि कोरडाच ठेवायचा. अंधार हवा, हवा खेळती हवी. काचेच्या शोकेसमध्ये खिडकीसमोर मांडलेली काळी पेनं दोन उन्हाळ्यांत हिरवट होतात. बंद प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, रबरबँड तर मुळीच नको. चांदीचं आवरण असलेलं पेन इतर एबोनाइटसोबत बंद डबीत ठेवलं की गंधकाने चांदी काळी पडते. मऊ सुती कापडात गुंडाळून वेगळं ठेवा. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर खणात सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा ती सुकवून परत ठेवा.

प्रत्येक पेनासोबत एक कार्ड: ठसा अक्षरशः जसाच्या तसा (तुटलेली अक्षरं टिंबांनी), दोन्ही लांब्या, वस्तू कशाची, शाई भरण्याची पद्धत, तार स्प्रिंगची की वजनाची, कुठला भाग बदलला, कुठे तडा आहे आणि शेवटचं कधी उघडलं. सॅक बदलली असेल तर तिचा नंबरही लिहा, म्हणजे पुढच्या वेळी मापासाठी पेन उघडावं लागणार नाही.